समुद्रातल्या प्लॅस्टिकचा हिशेब का जुळत नाही?



१० जानेवारी १९९२ रोजी हाँगकाँगहून अमेरिकेतल्या टॅकोमा बंदराकडे निघालेलं एक मालवाहू जहाज भर प्रशांत महासागरात वादळात सापडलं आणि त्यावरचे बारा कंटेनर पाण्यात पडले. त्यातल्या एकात लहान मुलांनी आंघोळीच्या टबात खेळायची २८,८०० प्लॅस्टिकची खेळणी होती: पिवळी बदकं, निळी कासवं, हिरवे बेडूक आणि लाल बीव्हर. कंटेनर उघडला, पुठ्ठ्याची वेष्टनं विरघळली आणि ही सगळी पलटण प्रवासाला निघाली. साधारण दहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, अलास्कातल्या सिटका गावाजवळच्या किनाऱ्यावर पहिली खेळणी लागली. कर्टिस एब्समायर आणि जेम्स इंग्रॅम या समुद्रशास्त्रज्ञांना ही पर्वणीच वाटली. एरवी सागरी प्रवाह मोजायला शास्त्रज्ञ मोजक्या बाटल्या सोडतात. इथे एकाच जागी, एकाच दिवशी, हजारो तरंगत्या वस्तू आपोआप सोडल्या गेल्या होत्या.

ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा सुटतो. २८,८०० पैकी किनाऱ्यावर सापडल्याची नोंद झाली ती फक्त काहीशे खेळण्यांची. मग बाकीची गेली कुठे?

हाच प्रश्न आता सगळ्या जगाच्या प्लॅस्टिकबद्दल विचारला जातोय. आज आपण एखादा हिशेबनीस बसेल तसं वही घेऊन बसू या. एका बाजूला समुद्रात किती प्लॅस्टिक जातं ते लिहू, दुसऱ्या बाजूला समुद्रात किती सापडतं ते लिहू आणि दोन्ही बाजू का जुळत नाहीत ते शोधू. हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. हरवलेलं प्लॅस्टिक कुठे आहे हे कळलं, तरच ते कुठे अडवायचं हे ठरवता येतं.

जमेची बाजू

२०१७ साली रोलँड गायर आणि सहकाऱ्यांनी मानवजातीने बनवलेल्या सगळ्या प्लॅस्टिकची मोजदाद केली. १९५० ते २०१५ या काळात आपण सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनवलं. त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला. या कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, १२ टक्के जाळलं गेलं आणि उरलेलं ७९ टक्के कचरा डेपोंमध्ये किंवा उघड्या निसर्गात पडून आहे.

यातलं समुद्रात किती जातं? २०१५ मध्ये जेना जॅम्बेक यांच्या गटाने १९२ किनारी देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत समजायला सोपी होती. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणारे लोक किती, ते माणशी कचरा किती करतात, त्यात प्लॅस्टिक किती आणि त्यातलं नीट गोळा न होणारं किती, याचा गुणाकार करायचा. उत्तर आलं, २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १२७ लाख टन. मधला आकडा धरला तर साधारण ८० लाख टन, म्हणजे दर मिनिटाला १५ टन.

शिल्लकीची बाजू

आता समुद्रात प्रत्यक्ष काय सापडतं ते बघू. हे काम फार कष्टाचं आहे. बारीक छिद्रांची जाळी जहाजामागे पृष्ठभागावरून ओढत न्यायची आणि आत आलेले तुकडे एकेक करून मोजायचे. २०१४ मध्ये मार्कस एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या २४ मोहिमांमधली अशी मोजमापं एकत्र केली. त्यांचा अंदाज असा की जगातल्या समुद्रांवर सव्वापाच लाख कोटी तुकडे तरंगत आहेत आणि त्यांचं एकूण वजन सुमारे २ लाख ६९ हजार टन आहे.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एका वर्षात ८० लाख टन आत जातं आणि इतक्या वर्षांचं मिळून पावणेतीन लाख टनसुद्धा वर सापडत नाही. कुठल्याही दुकानदाराने अशी वही पाहिली तर तो गल्ल्यावरच्या माणसाला आधी दाराशी उभं करेल!

"पण प्रशांत महासागरात तो प्लॅस्टिकचा मोठा पट्टा आहे ना?" असं तुम्ही म्हणाल. आहे. १९९७ मध्ये चार्ल्स मूर हवाईहून कॅलिफोर्नियाला शिडाच्या नौकेतून परतत असताना त्यातून गेले आणि तेव्हापासून तो जगाला माहीत झाला. वारे आणि पृथ्वीचं परिवलन यांमुळे महासागरांत पाच मोठे संथ भोवरे तयार होतात. पृष्ठभागावरचं पाणी हळूहळू त्यांच्या मध्याकडे सरकतं आणि मग खाली जातं, पण हलकं प्लॅस्टिक खाली जात नाही, ते वरच साठत राहतं.

पण हा पट्टा म्हणजे बेट नव्हे. २०१८ च्या एका मोठ्या सर्वेक्षणानुसार त्याचा विस्तार १६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट आहे आणि त्यात सुमारे ७९ हजार टन प्लॅस्टिक आहे. भागाकार करून बघा. एका चौरस किलोमीटरला जेमतेम ५० किलो, फुटबॉलच्या एका मैदानाएवढ्या पाण्यात साधारण ३५० ग्रॅम! त्यातलंही जवळपास निम्मं, म्हणजे ४६ टक्के वजन मासेमारीच्या जाळ्यांचं आहे. ही सुटलेली जाळी धरायला कोणी नसतानाही मासे, कासवं आणि सील पकडत राहतात. बाकीचे असंख्य तुकडे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. उपग्रहाच्या फोटोत हा पट्टा साध्या डोळ्यांना दिसत नाही तो यामुळेच. जहाजाच्या कठड्याशी उभं राहिलं तरी बहुतेक वेळा निळं पाणीच दिसतं.

पहिली वाट: तळाशी

हरवलेल्या प्लॅस्टिकचा पहिला धागा तुम्हाला स्वयंपाकघरातच सापडेल. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. झालं समुद्राचं पाणी तयार. आता पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा एक छोटा तुकडा कापून त्यात बुडवा आणि त्याच बाटलीचं झाकणही टाका. तुकड्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा बोटाने काढून टाका. तुकडा तळाशी जाईल, झाकण तरंगेल.

बाटली पीईटी या प्लॅस्टिकची असते. त्याची घनता सुमारे १.३८, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या १.०२५ पेक्षा बरीच जास्त. झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनचं असतं आणि त्याची घनता १ पेक्षा कमी असते. झाकण लावलेली बाटली आतल्या हवेमुळे तरंगते, पण झाकण निघालं आणि पाणी भरलं की तळ गाठते. म्हणून किनाऱ्यांवर झाकणांचा खच दिसतो. पीव्हीसी आणि नायलॉनही असेच बुडतात.

जे तरंगतं, तेही कायम तरंगत नाही. पाण्यात पडलेल्या कुठल्याही वस्तूवर काही दिवसांत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. मग शेवाळ येतं, मग बारीक शिंपले. पिशवीचा पातळ तुकडा या ओझ्याने जड होतो आणि बुडतो. शिवाय समुद्रात वरून खाली सतत एक 'हिमवर्षाव' चालू असतो. मेलेले प्लवक, विष्ठेचे कण, चिकट पदार्थांचे पुंजके तळाकडे झरत असतात. प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण त्यांना चिकटून खाली जातात. मरियाना गर्ता ही समुद्रातली सर्वांत खोल जागा. तिथे १९९८ मध्ये १०,८९८ मीटर खोलीवर प्लॅस्टिकच्या पिशवीचा फोटो घेतला गेलाय. तिथे सूर्यप्रकाश नाही, ऊब नाही, लाटा नाहीत. प्लॅस्टिक टिकून राहायला याहून चांगली जागा नाही.

दुसरी वाट: किनाऱ्यावर परत

भोवऱ्यांची गोष्ट आपल्या अरबी समुद्राला तशीच्या तशी लागू होत नाही. हिंदी महासागराला उत्तरेकडे जमिनीने अडवलेलं आहे आणि तिथले प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर वर्षातून दोनदा दिशा बदलतात. त्यामुळे तिथे प्रशांत महासागरासारखा कायमचा पट्टा टिकत नाही. पुष्कळसं प्लॅस्टिक फिरून किनाऱ्यालाच लागतं. जुलैच्या मोठ्या भरतीनंतर मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर पडलेला कचरा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. समुद्र तिथे उधारी ठेवत नाही.

तिसरी वाट: बारीक होत जाणं

सूर्याचे अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात. प्लॅस्टिक ठिसूळ होतं, लाटा आणि वाळू त्याचे तुकडे करतात. गच्चीवर दोन उन्हाळे राहिलेली बादली कडेने चुरायला लागते, तेच हे. रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत असे डोळ्यांना न दिसणारे कण शोधले आणि 'मायक्रोप्लॅस्टिक' हा शब्द रूढ झाला. आज पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना आपण हे नाव देतो.

बारीक होणं म्हणजे नाहीसं होणं नाही, उलट कटकट वाढणं आहे. एक सेंटिमीटर बाजूचा प्लॅस्टिकचा घन घ्या आणि त्याचे ०.१ मिलिमीटर बाजूचे घन करा. संख्या होईल १० लाख आणि पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटरवरून ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे शंभरपट. आता एका तुकड्याऐवजी दहा लाख तुकडे कोणाच्या तरी तोंडात जाऊ शकतात. पाण्यातली तेलकट विषारी द्रव्यंही शंभरपट पृष्ठभागाला चिकटू शकतात.

ही चिकटण्याची गोष्ट प्लॅस्टिकच्या दाण्यांवर नीट तपासली गेली आहे. कारखान्यात बादली, पाइप, खुर्ची काहीही बनवायचं तर कच्चा माल म्हणून हा दाणा लागतो. जपानच्या हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने दाखवलं की समुद्रातले दाणे पीसीबी आणि डीडीटीच्या कुळातली द्रव्यं पाण्यातून ओढून घेऊन लाखोपट दाट करून ठेवतात. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज पेटून बुडालं, तेव्हा असा हजारो पोती दाणा सांडला. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, तेव्हाही तिथल्या किनाऱ्यांवर पांढऱ्या दाण्यांचे थर आले. वाळूतून साबुदाणा निवडायला सांगितला तर कसं होईल, तसं ते साफ करण्याचं काम आहे.

चौथी वाट: पोटात

हवाईच्या वायव्येला मिडवे नावाची चिमुकली बेटं आहेत. सर्वांत जवळचं मोठं शहर तिथून दोन हजार किलोमीटरवर. तिथे लेसन अल्बाट्रॉस पक्ष्यांची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे. मेलेल्या पिल्लांची शरीरं कुजून जातात आणि पिसांच्या मधोमध बाटल्यांची झाकणं, लायटर, दात घासायचे ब्रश तसेच उरतात. आईबाप समुद्रावरून आणलेला घास पिल्लाला भरवतात, त्यात हे येतं.

पक्षी इतके कसे फसतात? २०१६ मध्ये एका अभ्यासातून याचं एक छान, पण दुःखद उत्तर मिळालं. काही समुद्रपक्षी नजरेइतकेच नाकाने अन्न शोधतात. प्लवकांना कोणी खायला लागलं की डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा वास सुटतो, म्हणजे तिथे पंगत बसली आहे असा संकेत. समुद्रात काही आठवडे राहिलेल्या प्लॅस्टिकवर शेवाळ बसतं आणि त्यालाही हाच वास येतो. पक्ष्याची काही चूक नाही. लाखो वर्षं ज्या खुणेने त्याला जेवण मिळालं, तीच खूण आज त्याला उपाशी मारते.

आणि माणूस? २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं, १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचे कण होते. शरीरात सापडणं आणि शरीराला अपाय होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. त्यामुळे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या प्रत्येक भीतीदायक निरोपावर विश्वास ठेवू नका. पण समुद्र आपल्यापासून लांब आहे, हा समज आता सोडायला हवा.

वही पुन्हा उघडली तेव्हा

गेल्या काही वर्षांत हिशेबाच्या दोन्ही बाजू सुधारल्या गेल्या. २०२३ मध्ये मिकाएल कांडॉर्प आणि सहकाऱ्यांनी पृष्ठभाग, किनारे आणि खोल पाणी यांची मोजमापं एकाच गणिती प्रतिमानात बसवली. त्यांचं उत्तर असं की तरंगू शकणारं प्लॅस्टिक समुद्रात वर्षाला सुमारे ५ लाख टन जातं आणि असं सुमारे ३२ लाख टन आज समुद्रात आहे. म्हणजे येणारं प्लॅस्टिक आधी वाटलं त्यापेक्षा कमी आहे आणि साठलेलं त्यापेक्षा जास्त.

ही बातमी चांगली की वाईट? दोन्ही. वाईट अशासाठी की प्लॅस्टिक पटकन कुठे 'गायब' होत नाही, वर्षानुवर्षं फिरत राहतं. आज नळ पूर्ण बंद केला तरी साठलेलं लगेच ओसरणार नाही. चांगली अशासाठी की या प्रतिमानानुसार वजनाने ९० टक्क्यांहून जास्त प्लॅस्टिक अजून २५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या तुकड्यांत आहे. म्हणजे अजून ते हाताने उचलता येतं. उद्याचं मायक्रोप्लॅस्टिक आज अख्ख्या जाळ्याच्या, अख्ख्या डब्याच्या रूपात समोर आहे. त्याचा चुरा झाला की मग जगातली कुठलीच चाळणी उपयोगाची नाही. प्लवकांना न मारता प्लवकांएवढे कण गाळायचे कसे?

म्हणून अडवायची जागा समुद्राच्या मध्यावर नाही, नदीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यावर आहे. २०२१ च्या एका अभ्यासानुसार नद्यांमधून समुद्रात येणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८० टक्के हजाराहून थोड्या जास्त नद्यांमधून येतं. यात मोठ्या नद्यांपेक्षा दाट शहरांतून वाहणाऱ्या, समुद्राजवळच्या छोट्या नद्या पुढे आहेत. पहिला नंबर फिलिपिन्समधल्या मनिलाच्या पासिग नदीचा आणि अगदी वरच्या नावांमध्ये आपली उल्हास नदीही आहे. कारण उघड आहे. भरपूर पाऊस, जवळचा समुद्र आणि काठाला दाट वस्ती.

वर्सोव्याचं उदाहरण इथे महत्त्वाचं ठरतं. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह आणि शेकडो स्वयंसेवक दर आठवड्याला तिथला किनारा साफ करू लागले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. "पावसाळ्यात पुन्हा कचरा येतोच ना?" असं म्हणून अनेक जण या कामाला नाक मुरडतात. येतो, खरं आहे. पण उचललेला प्रत्येक डबा म्हणजे न झालेले लाखो कण. हिशेबात ही बाजू मोठी आहे.

आणि आपण, परदेशातली मंडळी?

सुट्टीत भारतात गेलो की जुहूची वाळू बघून आपण हळहळतो आणि परत येऊन निळ्या डब्यात प्लॅस्टिक टाकून निर्धास्त होतो. पण आकडे काय सांगतात? २०१६ या वर्षात सर्वांत जास्त प्लॅस्टिक कचरा करणारा देश अमेरिका होता, सुमारे ४२० लाख टन. निळ्या डब्यातला मोठा वाटा वर्षानुवर्षं जहाजाने चीनला जात असे. २०१८ च्या सुरुवातीला चीनने दार लावलं, तेव्हा तो मलेशिया, व्हिएतनाम, थायलंडकडे वळला. तिथे नीट न हाताळलेला कचरा नदीत गेला, की तो त्या देशाच्या नावावर मांडला जातो.

डब्याच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो. त्याचा अर्थ 'याचा पुनर्वापर होतो' असा नाही, ते फक्त प्लॅस्टिकच्या प्रकाराचं नाव आहे. खरी मागणी आहे ती मुख्यतः १ आणि २ च्या बाटल्यांना. भारतातल्या कचरावेचकांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पाण्याची बाटली भंगारवाल्याकडे विकली जाते म्हणून ती उचलली जाते. वेफर्सचं चकचकीत पाकीट, शाम्पूची पुडी यांत वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यांना कोणी भाव देत नाही म्हणून त्या गटारात राहतात आणि पहिल्या पावसात खाडीत जातात.

याचा अर्थ, गोष्ट फक्त आपल्या शिस्तीवर सोडून चालणार नाही. काय बनवायचं आणि किती बनवायचं, हेही ठरवावं लागेल. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत जगातल्या देशांनी प्लॅस्टिकवर बंधनकारक करार करायचं ठरवलं. २०२४ च्या अखेरीस बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला वाटाघाटी झाल्या, पण करार झाला नाही. अडलं ते मुख्यतः एकाच मुद्द्यावर: उत्पादनालाच मर्यादा घालायची की फक्त कचऱ्याची व्यवस्था लावायची. तेल आणि वायू विकणाऱ्या देशांना पहिला पर्याय नको आहे.

आपल्या हातात काय आहे? ३ ते ७ आकड्यांच्या वस्तू जमेल तेवढ्या टाळणं. पुनर्वापर हा शेवटचा उपाय समजून आधी वापर कमी करणं. गावच्या नदीवर कचरा अडवणाऱ्या, किनारा साफ करणाऱ्या गटांना पैशाने किंवा सुट्टीतल्या एका सकाळने हातभार लावणं. आणि ज्यांना इथे मताचा अधिकार आहे, त्यांनी आपल्या प्रतिनिधीला उत्पादनाच्या मर्यादेबद्दल एक पत्र लिहिणं.

वरचा मिठाच्या पाण्याचा प्रयोग मात्र या शनिवारी मुलांबरोबर नक्की करा. बाटलीचा तुकडा तळाशी गेला, की त्यांना विचारा, "किनाऱ्यावर नुसती झाकणंच सापडली, तर बाटल्या कुठे असतील?"